किती माणसांना कळलं

धाकू परबांची जीभ आणि उजवा हात एकाच सकाळी गेले.

१९८४ सालची दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. बोरीवली पश्चिमेला एका सोसायटीच्या फाटकावर ते वॉचमन होते. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, गॅसवाला येऊन गेला का. धाकूंना म्हणायचं होतं, अजून नाही आला. तोंडातून आलं, "उद्या." बाई बरं म्हणून आत गेल्या. धाकूंना स्वतःलाच नवल वाटलं, आपण उद्या का म्हणालो? वहीत नोंद करायला त्यांनी पेन उचललं, तर ते बोटांतून गळून पडलं. ते घ्यायला वाकले ते उठलेच नाहीत.

अठरा दिवस पालिकेच्या रुग्णालयात काढून ते मागाठाण्याच्या चाळीत परत आले तेव्हा पाय ओढत का होईना चालत होते. उजवा हात पोटाशी धरलेला असायचा. डोकं शाबूत होतं. कोण आलं, कोण गेलं, दुधाचा भाव काय, मुलीचा पगार कधी, सगळं त्यांना कळत होतं. फक्त बोलायला गेलं की एकच शब्द बाहेर यायचा. तहान लागली की उद्या. पंखा बंद करा, उद्या. जानकीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, हाक मारायची, तरी उद्या.

एकदा दारात वाळत घातलेल्या बांगड्यांवर, म्हणजे सुक्या मासळीवर, कावळा बसला. धाकू खाटेवरून ओरडले, "मेल्या, तुझ्या तोंडार काटी घाला." अगदी स्वच्छ, मालवणच्या माणसाला शोभेल असं. जानकी हातातलं पीठ तसंच घेऊन धावत बाहेर आली. तिला वाटलं, वाचा आली. तिने त्यांच्यापुढे बसून विचारलं, काय म्हणालात, परत म्हणा. धाकूंनी तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, आणि म्हणाले, "उद्या." मग जानकी उठली आणि हातातलं पीठ घेऊन आत गेली.

हा माणूस मुळात बोलका. मालवणजवळच्या गावातून एकविसाव्या वर्षी मुंबईला आला, गिरणीच्या साचेखात्यात लागला आणि बावीस वर्षं माग चालवत राहिला. मागाला गिरणीत साचा म्हणत. संपानंतर गिरणीचं फाटक पुन्हा काही उघडलं नाही, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी खाकी कपडे चढवून वॉचमन झाला. पण तोंडावरचं हसू आणि जिभेवरचं तेल तसंच राहिलं. चाळीत नळावरून भांडण झालं की धाकूभाऊंना बोलवायचे. ते दोन्ही बाजूंना चार गोष्टी सांगायचे, मध्येच गावच्या एखाद्या म्हाताऱ्याची नक्कल करायचे, आणि भांडणारे हसत हसत आपापले हंडे उचलून जायचे. अशा माणसाच्या वाट्याला एकच शब्द उरला होता.

जानेवारीपासून दर गुरुवारी त्यांना रुग्णालयात बोलायला शिकवायला नेऊ लागले. तिथे मृणालिनी नावाची तरुण बाई होती. वाणीचे उपचार करणारी, चष्मा लावलेली, कधी आवाज न चढवणारी. तिच्याकडे चित्रांची एक वही होती. त्यात चाळीस चित्रं: कप, गाय, कुलूप, छत्री, केळं. एकेक दाखवून ती नाव विचारायची आणि शेवटी कागदावर आकडा लिहायची. पहिल्या गुरुवारी चाळीसपैकी तीन आले. महिन्याभरात अकरा झाले, आणि जानकीने चाळीत साखर वाटली. त्यानंतर तेरा. मग बारा. मग परत अकरा. मार्च संपला तरी आकडा तिथल्या तिथे घुटमळत राहिला.

धाकूंना तो कागद उलटा दिसायचा, तरी ते बरोबर वाचायचे. गिरणीत ते एका वेळी चार साचे सांभाळत आणि कुठल्या साच्यावर धागा तुटणार हे त्यांना तुटायच्या आधी कळे. आता समोर कप होता, रोज त्यातून चहा पीत होते, आणि कपाला कप म्हणता येत नव्हतं. चाळीसातले अकरा म्हणजे शाळेतलं ढ पोर. बरं, चाळीसच्या चाळीस आले तरी काय? गाय आणि छत्री म्हणता आलं म्हणून का कोणाचं भांडण मिटवता येणार होतं? पूर्वीचा धाकू परब डोळ्यांसमोर उभा राही आणि आजचा त्याच्या पायाशीसुद्धा पोचत नसे.

एप्रिलच्या एका गुरुवारी जानकी त्यांचा सदरा घेऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढच्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या गुरुवारी तिने सदरा काढलाच नाही.

मे महिन्यात एका रविवारी बाळा गावडे भेटायला आला. हा साचेखात्यातला धाकूंचा शेजारी. संपानंतर अंधेरीला एका कॅन्टीनमध्ये लागला होता. येताना त्याने फणसाचे गरे आणले होते. खाटेशी बसला, काय रे, कसा आसस, म्हणाला. धाकू म्हणाले, उद्या. बाळाने ऐकून घेतलं, पुन्हा काहीतरी विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. जानकीला आत चहा टाकताना वाटलं, आता हाही उठेल. बाकीचे सगळे असेच उठून गेले होते.

ती चहा घेऊन बाहेर आली तर दोघं हसत होते. बाळाने मिशीला पीळ दिल्यासारखं केलं, धाकूंनी डाव्या हाताने पोट पुढे असल्याची खूण केली आणि मान तिरकी करून लंगडं चालणं दाखवलं. बाळाने मांडीवर थाप मारली. मग त्याने दोन बोटं हवेत फिरवली, हनुवटीला हात लावला. धाकूंनी मान हलवली, ओठ नुसतेच हलवले, आवाज न काढता, आणि चार बोटं दाखवली. बाळा म्हणाला, होय तर, चार वर्षां झाली. तासभर हे चाललं. कुठला जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, वारला, कोणाच्या मुलाला रिक्षाचा परवाना मिळाला, कोण गावी जाऊन काजूची बाग करतोय, सगळ्या बातम्या इकडून तिकडे गेल्या. जानकी दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिली. सहा महिन्यांत नवऱ्याला एवढं बोलताना तिने पाहिलं नव्हतं.

बाळाला सोडायला ती जिन्यापर्यंत गेली आणि हे काय होतं म्हणून विचारलं. बाळाला तिच्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं.

"वयनी, साचे चालू झाले की कोणाचां कोणाक काय ऐकाक येतला? कानाशी तोंड लावून बोंबललां तरी नाय. आमी हातानं आणि ओठानंच बोलतांव. बावीस वर्षां ह्यो माझ्या बाजूक होतो, आणि ह्येचो आवाज मी ऐकलंय तो फाटकाभायर चायच्या टपरीर."

"मग तेव्हा कळायचां सगळां?"

"कळल्याबिगर कापड निघालां काय?"

जानकी चौथी शिकलेली बाई. दुपारी एका बालवाडीत खिचडी रांधायची. पण बाळाचं ते वाक्य तिच्या मनात बसलं. गुरुवारी ती एकटीच रुग्णालयात गेली. मृणालिनीला तिने सगळं सांगितलं आणि धीर करून म्हणाली, बाई, तुमच्या चित्रांत अकरा येतात, पण बाळाभावोजींना ह्यांचं सगळं कळलं. मग ते अकरा खरे की हे खरं?

मृणालिनीने चष्मा काढून पुसला. थोडा विचार करून ती म्हणाली, "ही चाळीस चित्रं माझ्या कामाची आहेत, जानकीबाई. कुठला शब्द कुठे अडकतो ते मला त्यातून समजतं. मी तो आकडा त्यांच्यासमोर लिहायला नको होता. घरचं माप तुम्ही घरचं ठरवा."

जानकीने घरी येऊन माप ठरवलं. तिने धाकूंना सांगितलं, शब्द मोजणं आजपासून बंद. आज कोणाला तुमचं कळलं, एवढंच मोजायचं. शब्दाने कळू दे, हाताने कळू दे, नाहीतर जमिनीवर चित्र काढून कळू दे. मला कळतं, सुलक्षणाला कळतं, बाळाभावोजींना कळलं. तीन माणसं झाली. चौथं तुम्ही आणा.

सुलक्षणा ही त्यांची एकुलती मुलगी, एकोणीस वर्षांची, अंधेरीच्या एका कचेरीत टायपिंग करायची. आईचं हे ऐकून ती वडिलांकडे बघत राहिली. धाकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चपला घातल्या आणि दूध केंद्रावर गेले. केंद्रावर शुभा नावाची मुलगी बसायची. त्यांनी दोन बोटं दाखवली, मग अर्ध्यावर बोट आडवं धरलं. शुभाने अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या पुढे सरकवल्या. एवढंच झालं. धाकू बाटल्या छातीशी धरून घरी आले, जानकीपुढे ठेवल्या आणि चार बोटं वर केली.

त्यानंतर त्यांना जणू छंदच लागला. पाचवी शेजारची कुंदा. सहावा इस्त्रीवाला. सातवा पोस्टमन, ज्याला त्यांनी गावच्या मनिऑर्डरीचं विचारलं होतं. नवीन माणूस आलं की ते आधी त्याचा चेहरा वाचत: हा थांबणारा आहे की घाईतला, डोळ्यांकडे बघणारा आहे की पायांकडे. साचेखात्यात ओठ वाचायची सवय होतीच. हळूहळू शब्दही येऊ लागले, खुणेच्या पाठोपाठ, लाजत आल्यासारखे. चहाची खूण केली की मागून "चा" यायचा. गुरुवारचं जाणं त्यांनी आपणहून पुन्हा सुरू केलं. मृणालिनी आता कागद पेटीत ठेवायची आणि धाकूंनी कधी विचारलंही नाही. बसल्याबसल्या ते तिला बोटं दाखवायचे: सतरा. अठरा. माणसं.

दिवाळीच्या तोंडावर मात्र घोटाळा झाला. खोबरेल आणायला म्हणून ते नाक्यापलीकडच्या एका नव्या दुकानात गेले. दुकानात गर्दी. त्यांनी डोक्याला तेल चोळायची खूण केली आणि बोलायला गेले, तर घाईत तोंडातून भलतंच काहीतरी आलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तोल सावरायला फळीला धरलं, वरचा साबणाचा ढीग कोसळला. दुकानदार म्हणाला, सकाळी दहा वाजता ढोसून येतात, काढा ह्याला बाहेर. कोणीतरी त्यांना दंडाला धरून पायरीखाली उतरवलं. बघायला माणसं जमली.

धाकूंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. गिरणीतल्या पगाराच्या दिवशीसुद्धा ते सरळ घरी यायचे. 'मी प्यायलो नाही' हे तीन शब्द त्यांच्या डोक्यात लख्ख उभे होते. तोंडातून आलं, उद्या, उद्या, उद्या. लोक हसले. कुंदा भाजी घेऊन परतत होती. तिने त्यांना पाहिलं, हाताला धरून घरी आणलं.

आठ दिवस ते बाहेर पडले नाहीत. जानकीने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, मग नाद सोडला. त्या आठ दिवसांत धाकू पडून विचार करत होते. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. जानकीचं माप चांगलं होतं, पण त्याचं अर्धं टोक समोरच्याच्या हातात होतं. त्याने थांबायचंच नाही ठरवलं तर धाकूने काय करावं? समोरच्याची अक्कल आपल्याला मोजता येत नाही. आपण फाटकातून आत गेलो का, उभं राहिलो का, काम होईपर्यंत उभं राहिलो का, हे मात्र आपलं. आणि त्या दुकानात आपण उभे राहिलो होतो. ढकलून बाहेर काढेपर्यंत उभे होतो. हे आठवलं तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं.

नवव्या दिवशी गुरुवार होता. रुग्णालयात गेल्यावर त्यांनी चित्रांची वही बाजूला सारली आणि मृणालिनीकडून एक वेगळंच मागितलं. काय हवंय ते समजायला तिला पाऊण तास लागला. गाय नको, छत्री नको, एक वाक्य हवं होतं. तिने ते तुकडे करून दिलं, टेबलावर बोटांनी ताल धरून. मला आजार झालाय. मी हळू बोलतो. थांबा.

ह्या वाक्याला त्यांनी अडीच महिने घातले. सकाळी तोंड धुताना, दुपारी खाटेवर, मांडीवर डाव्या हाताने ताल देत. आधी नुसता ताल यायचा. मग "आजार". मग "हळू". "थांबा" सगळ्यात शेवटी आला, पण आला तो असा खणखणीत की शेजारच्या घरातलं लाटणं थांबलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ते एकटेच त्या नाक्यापलीकडच्या दुकानात गेले. वाक्य म्हणाले. दुकानदाराने मान वर करून पाहिलं आणि खरंच थांबला. खोबरेल मिळालं. दुकानदाराने ओशाळून वर एक साबणाची वडी पुढे केली. धाकूंनी ती परत त्याच्याकडे सरकवली, कारण त्यांनी मागितलं होतं ते तेल.

त्याच वाक्याच्या जोरावर ते आपल्या जुन्या सोसायटीतही गेले. फाटकावर आता दुसरा वॉचमन होता, पण पाण्याचा पंप चालवायला आणि बागेत पाणी घालायला माणूस हवा होता. ते काम त्यांना मिळालं, अर्ध्या दिवसाचं. गॅलरीतल्या बाई आता वरून ओरडायच्या नाहीत, खाली येऊन विचारायच्या.

१९८७च्या फेब्रुवारीत सुलक्षणेला बघायला मुलुंडहून माणसं आली. मुलगा चंद्रप्रकाश, टेलिफोन खात्यात लाइनमन. बरोबर त्याची आई विमलाबाई आणि मामा. जानकीच्या एका बहिणीने आदल्या दिवशी हळूच सुचवलं होतं, धाकूभावोजींना त्या वेळी कुंदाच्या खोलीत बसवावं, उगाच पाहुण्यांच्या मनात शंका नको. हे सुलक्षणेच्या कानावर गेलं. तिने सांगितलं, बाबा पाहुण्यांसमोर बसणार नसतील तर मीही बसणार नाही. विषय तिथेच संपला.

पाहुणे बसले, पोहे झाले. मामा बोलघेवडे होते. शेती किती, गाव कुठलं, मुलीचा पगार किती, ते जानकीला विचारत होते आणि धाकूंच्या डोक्यावरून बघत होते. तेवढ्यात धाकूंनी डावा हात वर केला आणि आपलं वाक्य म्हटलं. मामांची मान त्यांच्याकडे वळली. मग ते पुढे म्हणाले, "मुलगा..."

"मुलगा सरकारी नोकरीत आहे," मामा म्हणाले.

धाकूंनी मान हलवली. "नको. पगार... नको."

"हुंडा नको म्हणतात," मामांनी विमलाबाईंना समजावलं, "अहो, आम्हालाही नको."

"थांबा," धाकू म्हणाले.

मामा थांबले. जानकीला नवऱ्याच्या मनातलं कळलं होतं, प्रश्न तिच्या ओठांवर आला होता, पण तिने पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं आणि मदत केली नाही. धाकूंची बोटं मांडीवर चालत होती. पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी बादली आपटली. मग त्यांनी मुलाकडे सरळ पाहिलं.

"राग... येतो? तुला?"

चंद्रप्रकाश गोंधळला. त्याला कोणी हे विचारेल असं वाटलं नव्हतं. तो आईकडे बघणार होता, पण धाकूंची नजर त्याला सोडत नव्हती. म्हणाला, येतो. भूक लागली की येतो. मग घराबाहेर एक चक्कर मारून येतो.

"हात?" धाकूंनी विचारलं. एकच शब्द, पण तो ऐकून विमलाबाईंनी मान खाली घातली.

"नाही," मुलगा म्हणाला. "आमच्या घरात मी ते बघितलंय. मी नाही करणार."

धाकू बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. चेहरे वाचायला आता त्यांच्याइतका तरबेज माणूस त्या चाळीत नव्हता. मग त्यांनी सुलक्षणेकडे पाहिलं. तुझं काय, हे विचारायला त्यांना शब्द लागला नाही. तिने मान हलवली. जाताना मामांनी धाकूंचा डावा हात दोन्ही हातांत घेतला आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. लग्न मे महिन्यात झालं.

धाकूंची वाचा पूर्वीसारखी कधीच झाली नाही. घाईत, रागात, परक्या गर्दीत आजही 'उद्या' येतो. नक्कल मात्र परत आली, बिनशब्दांची, आणि नळावरचं भांडण तिनेही मिटतं. गुरुवारी ते अजून रुग्णालयात जातात. शिकण्यापेक्षा तिथल्या बाकावर बसायला. नवीन पेशंट येतात: कोणी मास्तर, कोणी टॅक्सीवाला, कोणी हिशेबनीस. हातात रुग्णालयाचा कागद, डोळ्यांत पाणी. मृणालिनी त्यांना धाकूंच्या शेजारी बसवते. धाकू कागदाकडे बघत नाहीत. ते त्या माणसाच्या तोंडाकडे बघतात, त्याला काय म्हणायचंय ते समजेपर्यंत थांबतात, मग समजलं म्हणून मान हलवतात आणि त्याच्यापुढे एक बोट वर करतात. कितीतरी जणांचं पहिलं माणूस धाकू परबच आहेत.